नारळाचा मान

चामटोली गावाच्या अलीकडे आमची चार घरं आहेत आणि तिथवर जाणारा रस्ता खासगी आहे. म्हणजे पावसाळ्यानंतर खडी आम्हीच आणायची, रोलर आम्हीच बोलवायचा. काम सुरू होताना नारळ मात्र दरवर्षी फोडायचे ते रस्त्याच्या तोंडाशी राहणारे दादा. आम्हाला प्लॉट विकले ते हेच. दिवसभर अंगणात खुर्ची टाकून कोण आलं, कोण गेलं बघत बसायचे.

मला हे कधीच पटलं नाही. जमीन विकली, मग नारळ कशाचा? नारळ फोडतो तो मालक. उद्या म्हणतील, रस्ता माझा. आमच्या ह्यांना डायलिसिसला अंबरनाथला न्यावं लागतं. रस्ता अडवला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

म्हणून यंदा मीच नारळ आणला आणि ह्यांच्या हातात दिला.  दादा बाजूला सरकून म्हणाले, "फोडा. मान तुमचा."

इतक्या सहज मान सोडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. नक्कीच काहीतरी शिजत होतं.

खडी बसली आणि रस्त्याच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब उभे राहिले. मध्ये साखळी, साखळीला कुलूप.  ह्यांची रिक्षा यायच्या आत मी तरातरा दादांच्या अंगणात गेले.

"ह्यांना दवाखान्यात न्यायचंय. कुलूप कुणाला विचारून लावलं?"

"मागच्या टॉवरच्या बांधकामाचे डंपर शिरतात ताई. नवा रस्ता टिकाचा नाय." त्यांनी बनियनच्या खिशातून चावी काढली. "ही घ्या. नारल तुमच्या घरानं फोडला, आता राखण पन तुमची. आजवर मी बसून राखला."

अंगणात खुर्ची नव्हती.

चावी लागली. रिक्षा दारापर्यंत आली, जाताना ह्यांना एकही गचका बसला नाही, आणि मला रडूच आलं. तरी अंबरनाथला स्टेशनजवळ त्या चावीची आणखी एक करून घेतलीच. भरवसा कुणाचा द्यावा?

आता पाण्याचा टँकर येवो की कुणाचे पाहुणे, साखळी काढायला मीच धावते. काल शेजारच्या काकू तिथं थांबल्या. खांबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय हो," त्या म्हणाल्या, "चावी आता कायमची तुमच्याकडेच का?"