काकूंचा डावा कान

मला दारात पाहिलं की काकू आधी डावा कान पुढं करायच्या. मग म्हणायच्या, "ये. ॲडजस्ट कर."

कानामागच्या यंत्राला तिळाएवढं चाक होतं. काकूंची बोटं संधिवातानं वाकलेली, त्यांना ते फिरवता येत नसे. म्हणून रोज सकाळी भांड्यांना हात लावायच्या आधी हे माझं काम. मी चौथी शिकलेली. हा इंग्रजी शब्द मला काकूंनीच शिकवला.

पहिल्या दिवशी मी चाक एकदम फिरवलं. यंत्रानं शिट्टी मारली. काकू ओरडल्या, "अगं, मी काय रेडिओ हाय का?" मी रडकुंडीला आले. तशा त्या हसल्या. "कमीजास्त तर कुणीबी करतं. ॲडजस्ट म्हंजी विचारत विचारत करायचं. थोडं फिरव, इचार. अजून थोडं फिरव, पुन्हा इचार."

"आता, काकू?"

"अजून जरा."

"आता?"

"आता बराबर. आता मागच्या गल्लीतलं भांडणबी ऐकू येऊन राहिलं."

एकच शब्द सगळीकडं वापरणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. समईची वात मोठी झाली, ॲडजस्ट कर. तसबीर तिरपी झाली, ॲडजस्ट कर. पण एकदा आमच्या गोरेगावहून तालुक्याला, सेनगावला जाताना भरलेल्या जीपमध्ये ड्रायव्हर आणखी एक बाई बसवू लागला. म्हणाला, "मावशी, जरा ॲडजस्ट करा." काकू भडकल्या. "मला इचारलं का तू? मग हे ॲडजस्ट न्हाई बाबा, हे कोंबणं हाय!" सगळी जीप हसली. ड्रायव्हरही हसला.

काका गेल्यावर देवळामागच्या घरात काकू एकट्याच होत्या. मुलगा नांदेडला. घर बंद करून आईला वृद्धाश्रमात ठेवावं, असं त्याच्या मनात होतं. काकूंचं एकच उत्तर, "मी इथून हालायची न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात मुलगा आणि सून आले. ओसरीवर बोलत बसले. सून म्हणाली, "आईंना विचारत बसलो तर झालंच. डोळे दाखवायचे म्हणून गाडीत बसवू. आश्रमात सांगून ठेवलंय." मुलगा "बरं" म्हणाला.

काकू आत तांदूळ निवडत होत्या. "काय म्हणून राहिले गं?" म्हणत त्यांनी कान पुढं केला.

पोटच्या लेकाचं असलं बोलणं त्यांच्या कानी पडू नये, असं मला वाटलं. मी चाक उलटं फिरवलं. विचारलं नाही. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "काही न्हाई काकू. तुमचे डोळे दाखवायचं चाललंय."

काकूंचा चेहरा उजळला. "बघ, काळजी हाय त्याला माझी."

त्यांनी ऐकलं असतं तर त्या उंबऱ्यात बसून राहिल्या असत्या. गल्ली गोळा झाली असती. मुलगा चारचौघांना लाजणारा. तो एकटाच परत गेला असता. हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी माझ्या तोंडून शब्द फुटला असता का, ते मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतलं पातळ नेसून गाडीत बसल्या. "विरजण लावलंय," मला म्हणाल्या. "आंबट व्हायच्या आत येते."

ते दही मी दोन दिवस झाकून ठेवलं, मग ओतून दिलं.

गल्लीतल्या बायका अजून विचारतात, "काकू कवा येणार गं?"

मी खाली बघून सांगते, "डोळ्यांचं चालू हाय अजून."