कलेजी कोणाच्या अंगी लागली
उकडत्या कलेजीचा वास आला की मला बोरगाव मेघ्यातलं आमचं अंगण आठवतं आणि त्यात उभा माझा साळा, वर्धा जिल्ह्यातला सर्वांत सेवाभावी हरामखोर. आमचा कुत्रा गोचीडतापातून नुकता उठला होता आणि इतका वाळला होता, की ऊन त्याच्या आरपार जमिनीवर पडायचं. "बिनमिठाची कलेजी द्या, अंगावर मांस चढलं नाही तर वाचणार नाही," डॉक्टर म्हणाले. साळ्याने छाती ठोकली, "भाऊजी, त्याले खाऊ घालाचं काम माह्यावर सोडा!" कुत्रा वजनकाट्यावर उभा राहीना, म्हणून साळा त्याला उचलून चढायचा आणि मी त्यातून साळ्याचं पहिल्या दिवशीचं वजन वजा करायचो. आकडा म्हशीच्या वजनाकडे निघाला, कुत्र्याच्या बरगड्या मात्र तशाच. मग साळ्याच्या सदऱ्याचं बटण उडालं, तेव्हा मी त्याला एकट्यालाच काट्यावर चढवलं. सगळं वाढलेलं वजन त्याचंच! "काऊन बे, कलेजी कोण खाऊन राह्यलं?" "मी तं फक्त मीठ पाह्यत होतो, भाऊजी!" बिनमिठाच्या कलेजीत मीठ पाहणारा पुण्यात्मा! त्या दिवसापासून ताटली मी धरली आणि कुत्रा वाचला. आता तो चांगला दांडगा झालाय; साळा जेवायला बसला की त्याच्या ताटासमोर बसून गुरगुरतो आणि मी त्याला मुळीच आवरत नाही.