काउआईच्या उत्तर किनाऱ्यावर, आईसोबत

आईचं तिकीट माझ्या डिफेन्ससाठी, म्हणजे पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेसाठी काढलं होतं. पाच वर्षांच्या पीएचडीचा शेवट बघायला ती नागपूरहून फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी आली, आणि ती येऊन चार दिवस होतात न होतात तोच कमिटीनं डिफेन्स सहा महिने पुढे ढकलला. "थोडे प्रयोग राहिलेत," एवढंच मी तिला सांगितलं. खरं हे होतं की दोन महिने मी लॅबमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, कॅम्पस बसमध्ये बसायचे, लायब्ररीत जाऊन खिडकीतून बर्फ बघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मला पीएचडी सोडायची होती. हे आईला कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं.

मार्चमधल्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीच्या दहा दिवस आधी मी अचानक हवाईची तिकिटं काढली. आईनं तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी वर येतो आणि त्याचं बेट होतं, हे तिनं हजारो मुलांना फळ्यावर काढून दाखवलं असेल. स्वतः मात्र असं बेट कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना मी हेच कारण सांगितलं. खरं तर अपार्टमेंटमध्ये तिच्यासमोर बसणं मला असह्य झालं होतं.

स्टेट कॉलेजहून शिकागो, तिथून सॅन फ्रान्सिस्को आणि पुढे हवाईतल्या काउआई बेटावरचं लिहुए. दारातून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत जवळजवळ एकोणीस तास लागतात. विमानात एक फॉर्म भरायला देतात, सोबत फळं, भाज्या किंवा रोपं आहेत का ते विचारणारा. आईच्या पर्समध्ये दोन लिंबं होती. "लिही नाही म्हणून, कोण बघतंय," मी म्हटलं. तिनं चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि 'हो'वर खूण केली. उतरल्यावर तपासनिसानं लिंबं ठेवून घेतली आणि तिला "थँक यू, आँटी" म्हणाला. इथे मोठ्या माणसांना सगळेच अंकल आणि आँटी म्हणतात. आई खूश झाली. "आपल्यासारखंच आहे की!"

आम्ही पूर्व किनाऱ्यावर कापा गावात एक छोटी खोली घेतली. उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे जायला हे सोयीचं पडतं आणि रिसॉर्टपेक्षा बरंच स्वस्तही. गाडी मात्र हवीच, बसवर राहिलात तर अर्धं बेट राहून जाईल. आणि कोंबड्या! पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या टेबलांखाली, जिकडे बघाल तिकडे मोकाट. पहिल्या सकाळी आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "इतक्या लांब आलो आणि कोंबड्याच्या बांगेनं उठलो."

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला पोईपूला गेलो. पाणी कोमट, वाळू पिवळसर. वाळूत मधोमध एक मोठा करडा दगड दिसत होता. त्याच्याभोवती एक बाई दोरी लावत होती, तेवढ्यात दगडानं डोळा उघडला. तो हवाईचा मंक सील होता. जगात फार थोडे उरलेत, असं त्या स्वयंसेविकेनं सांगितलं. तो पोट भरून झोपायला किनाऱ्यावर येतो, तेव्हा त्याला झोपू देणं एवढंच आपलं काम. आई दोरीबाहेर वाळूत बसली. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी दोनदा पाण्यात जाऊन आले, शेव्ह आइस, म्हणजे इथला बर्फाचा गोळा आणला, फोनवर दुपारच्या जेवणाची ठिकाणं शोधली.

"चल ना, अजून खूप बघायचंय."

"तो पालटला आत्ता. तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मला कुठेच पाच मिनिटं थांबवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला किलाउआच्या दीपगृहाकडे. इथे प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, हे विसरू नका. आमच्या पुढची दोन कुटुंबं गेटवरून परत गेली. कड्यावर लाल पायांच्या बूबी पक्ष्यांनी झाडंच्या झाडं भरलेली, गवतात नेने नावाची इथली हंसांसारखी बदकं, आणि समोर समुद्रात व्हेलचे फवारे. आईनं अकरा फवारे मोजले. मी पहिल्या तीननंतर मोजणं सोडलं.

जवळच्या प्रिन्सव्हिलमध्ये लोकांच्या घरांपुढच्या हिरवळीवर अल्बट्रॉस हे मोठे समुद्री पक्षी घरटी करतात. एक वयस्कर बाई आपल्या कुंपणाशी उभी होती, तिनं आम्हाला लांबूनच एक पिल्लू दाखवलं. तपकिरी लोकरीच्या गोळ्यासारखं, एकटंच बसलेलं. आई-बाप हजारो मैल समुद्रावर जाऊन अन्न घेऊन येतात, ती म्हणाली, कधीकधी आठवडा होतो.

"आणि हे तोवर काय करतं?" आईनं मला विचारायला लावलं.

"वाट बघतं," बाई म्हणाली. "उन्हाळ्यात एक दिवस कोणी न सांगता उडतं."

परत येताना गाडीत आईनं विचारलं, "मितू, डिफेन्सची नवीन तारीख कळली का गं? बाबा विचारत होते. विहारात सत्कार ठेवायचा म्हणतात. हॉल बुक करावा लागेल ना."

आमच्या वस्तीतून पीएचडी करणारी मी पहिली मुलगी. बाबांनी हे बुद्धविहारात, बँकेत, भाजीवाल्याला, सगळ्यांना सांगितलं होतं. "कळवतील," मी म्हणाले आणि गाणी मोठ्यानं लावली.

चौथ्या दिवशी हानालेईच्या पुढे गेलो. रस्ता सुंदर, पण पूल एकेरी. पलीकडच्या पाच-सात गाड्या जाऊ द्यायच्या आणि मग आपण निघायचं, अशी रीत आहे; घाई केलीत तर लोक नुसते बघतात आणि तेवढ्यानंच लाज वाटते. रस्ता संपतो तिथल्या केए किनाऱ्याचं रिझर्व्हेशन तीस दिवस आधी उघडतं. आम्हाला मिळालं नाही, म्हणून अलीकडे हाएनाला थांबलो. मागे हिरवे कडे, त्यांवरून उतरणारे पांढरे झरे, आणि समोर पिसाळलेला समुद्र. हिवाळ्यात उत्तर किनारा असाच असतो. लाल पाट्या होत्या. टेहळणीच्या मनोऱ्याखाली उभा असलेला लाइफगार्ड प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "आज गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही, सिस्टर."

आम्ही पुऱ्या आणि जवसाची चटणी खायला बसलो. आई म्हणाली, "तू हल्ली प्रयोगाबद्दल काही बोलत नाहीस. काय राहिलंय नेमकं?"

"पाय भिजवून येते," म्हणून मी उठले.

घोट्यापर्यंतच गेले होते. लाट परतताना पायाखालची वाळू निघून गेली, मी बसले, आणि दुसऱ्या लाटेनं मला उचललं. त्यानंतरचं सगळं मला तुकड्यांत आठवतं. वर-खाली कळेना. नाकात पाणी. एकदा डोकं वर आलं तेव्हा किनारा इतका लांब दिसला की तो दुसराच कुठला तरी किनारा आहे असं वाटलं. मी त्याच्या दिशेनं हात मारत होते आणि मागे मागे जात होते. मग एक पिवळा बोर्ड दिसला, एक हात दिसला आणि आवाज आला, "स्टॉप फायटिंग. होल्ड दिस." तोच लाइफगार्ड. मी बोर्ड धरला. तो मला आडवा, किनाऱ्याला समांतर बराच लांब घेऊन गेला आणि मग त्यानं वाळूवर आणलं.

आई पाण्याच्या कडेला उभी होती. चप्पल नव्हती, हातात अर्धी पुरी तशीच. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता. लाइफगार्डनं माझी छाती तपासली, मला ऑक्सिजन दिला आणि तिला म्हणाला, "शी इज ओके, आँटी." मी सॉरी म्हटलं तर नुसती मान हलवली आणि मनोऱ्याकडे परत गेला.

"काहून गेली होतीस?" आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तो माणूस सांगत होता ना?"

आणि मी सांगितलं. टॉवेलमध्ये थरथरत, खोकत, सगळं. लॅब, लायब्ररी, रोजचा डबा, सोडायचं ठरवलंय ते.

तिनं ऐकून घेतलं. पुऱ्यांचा डबा बंद केला. "म्हणजे रोज सकाळी मी तुला डबा देत होते," ती म्हणाली, "आणि तू तो खिडकीत बसून खात होतीस." मग वाळूतून चप्पल शोधून गाडीकडे चालू लागली.

पाचव्या दिवशीची व्हेल बघायची बोट लाटांमुळे कॅन्सल झाली, पैसे परत मिळाले. त्याऐवजी पश्चिमेला वाईमेआ कॅन्यनला गेलो. लाल, हिरव्या, जांभळ्या थरांची ती दरी बघून मी एरवी वीस फोटो काढले असते. आई कठड्याशी उभी राहून एकेक थर बघत होती. मग ती माझ्याकडे वळली.

"पीएचडी सोडणार याचा राग नाही आला मला. वाईट वाटलं. पण राग याचा आला की तू बुडत होतीस आणि मला म्हणत होतीस, कळवतील."

"तू बाबांना सांगशील?"

"नाही. मी काहून सांगू?"

इथे दुपारचे तीन, नागपुरात दुसऱ्या दिवशीची सकाळ, बाबांच्या फिरण्याची वेळ. पार्किंगमध्ये एक-दोन काड्यांची रेंज होती. "जय भीम, बेटा!" त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा. मी एका दमात सांगितलं. पलीकडे पावलांचा आवाज थांबला.

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

"हो, बाबा."

"आईला दे फोन."

आई फोन घेऊन लांब गेली. मी गाडीला टेकून उभी राहिले, किल्ली या हातातून त्या हातात करत. वीस मिनिटांनी आई परत आली. "बाबा रडले," एवढंच म्हणाली. मग सीट बेल्ट लावत, "भूक लागली मला." वाईमेआ गावात आम्ही साइमिन खाल्लं, इथल्या शेवयांचं गरम सूप. आईनं त्यात उरलेली जवसाची चटणी घातली आणि चव सुधारल्याचं जाहीर केलं.

उरलेले दोन दिवस आम्ही फार कुठे गेलो नाही. कापाच्या किनाऱ्यावर बसलो. तासभर एक समुद्री कासव खडकांमधलं शेवाळ खात होतं. मी पाण्यात पाय घातला नाही.

जाणार असाल तर एवढंच: मार्चमध्ये व्हेल आणि अल्बट्रॉस दोन्ही भेटतात, पोहायचं असेल तर दक्षिणेकडे जा, आणि मनोऱ्याखालचा माणूस नको म्हणाला तर ऐका. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही, हे मला अजून टोचतं.

आई एप्रिलमध्ये परत गेली. मी पीएचडीऐवजी मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडतेय. गाइडला सांगायला सात मिनिटं लागली, आणि त्या सात मिनिटांसाठी मी दोन महिने लायब्ररीत बसले होते. पुढे काय, ते ठरलेलं नाही. सकाळी उठल्यावर अजूनही छातीत धडधडतं आणि मी उगाच भराभर चालते. पण विचारलं कोणी, तर जे आहे ते सांगते.

आई पोहोचल्याच्या आठवड्यात बाबांनी नातेवाइकांच्या आणि विहाराच्या, दोन्ही ग्रुपवर एकच मेसेज टाकला: "संघमित्रानं पीएचडी सोडली आहे. सत्कार रद्द. कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारावं, तिला नाही." दोन तासांनी मावशीनं अंगठा टाकला, त्यानंतर काकांनी. मी तो मेसेज पुन्हा एकदा वाचला, कोट घातला आणि लॅबमधलं माझं टेबल रिकामं करायला गेले.