शेजारच्या काकूंची टोमॅटो पेस्ट

टोमॅटो स्वस्त झाले की आमच्या शेजारच्या काकू सिन्नरहून क्रेट भरून लालबुंद टोमॅटो मागवतात आणि दिवसभर मोठ्या पातेल्यापुढे उभ्या राहतात. उकडलेले टोमॅटो मिक्सरमधून काढायचे, चाळणीने साल-बिया गाळायच्या आणि मीठ घालून रस आटवत बसायचं. मधेच त्या चमचाभर पेस्ट ताटलीत घालून ताटली तिरकी करतात. कडेला पाणी सुटलं, की अजून आटवायचं. मग उकळून वाळवलेल्या बरण्यांत ती गरमागरम भरायची आणि वर तेलाचा थर द्यायचा. आमच्या घरातली बरणीही त्यांचीच. ती आजवर कधी बिघडली नाही. आमच्या फ्रिजबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

फक्त एका गोष्टीने माझं डोकं फिरायचं. दर थोड्या वेळाने हाक यायची, "अगं, जरा चव बघ!" हातातलं काम टाकून जायचं. आंबट लागतंय का? मीठ कमी आहे का? तुम्हाला तोंड नाही का, असं अगदी ओठांवर यायचं.

परवा त्यांना जेवायला बोलावलं. त्यांच्याच पेस्टमधली पनीरची भाजी मी कौतुकाने वाढली. त्यांनी वाटी हळूच बाजूला सरकवली.

"मला टोमॅटो चालत नाही गं. मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बंदच आहे."

"अहो, मग पेस्ट इतकी छान कशी जमते?"

"इतकी वर्षं तुझ्याच जिभेच्या भरवशावर तर करतेय."