कालचं पाणी

"जाळी धुतलीस, तंबी?"

सकाळी मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की नमस्काराच्या जागी हा प्रश्न यायचा. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. मी त्यांना अण्णा म्हणत असे. त्यांचं नाव सांगणार नाही. माझंही सांगणार नाही, पण ते भित्रेपणामुळे.

चेन्नई बंदराजवळ, जॉर्ज टाउनच्या एका गल्लीत आमची समुद्राच्या पाण्याची लहानशी प्रयोगशाळा होती. रिकामं जहाज तोल राहावा म्हणून पोटातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून निघतं आणि माल चढवायच्या बंदरात ते ओतून टाकतं. हे बॅलास्टचं पाणी. त्याच्याबरोबर परमुलखातले बारीक जीव येतात आणि कधी कधी इथलेच मालक होऊन बसतात. त्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार तेव्हा नुकताच झाला होता, लागू व्हायचा होता. जहाजांनी हे पाणी वाटेत, भर समुद्रात बदलायचं आणि तसं फॉर्मवर लिहून द्यायचं. लिहिलेलं खरं की खोटं, हे ओळखायचा आम्ही सराव करत होतो. टाकीतलं पाणी बारीक जाळीतून ओतायचं, जाळीत राहील ते बाटलीत भरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. किनाऱ्याजवळचे जीव दिसले तर फॉर्म खोटा.

प्रत्येक नमुन्याआधी अण्णा ही जाळी सात वेळा धुवत. त्यासाठी गाळलेलं पाणी ते घरच्या स्टीलच्या कूज्यात भरून, फिरकीचं झाकण घट्ट लावून, जहाजावर घेऊन येत. "कालचं पाणी आजच्या बाटलींत नको," असं पुटपुटत सातव्यांदा धुऊन झाली की जाळी नाकाशी नेऊन वास घेत. एकदा एका खलाशानं विचारलं, "देवाची आहे काय हो?" अण्णा म्हणाले, "देवाची असती तर तीनदांच धुतली असती."

सगळे हसले. मी हसलो नाही. तुम्ही कुणाचा मत्सर केला असेल तर तुम्हाला हे कळेल. त्यांचे विनोद मला आवडत, आणि आवडत म्हणूनच खुपत.

मी महाराष्ट्रातून एम.एस्सी. करून आलेला, पहिल्या वर्गाचा. अण्णा शिपाई म्हणून चिकटले आणि बघून बघून शिकले. तरी बाहेरचा पाहुणा आला की साहेब त्याला माझं टेबल ओलांडून अण्णांकडे नेत. सूक्ष्मदर्शकात एक डोळा ठेवून अण्णा दुसऱ्या डोळ्यानं कागदाकडे बघत आणि पेन्सिलीनं त्या जिवाचं चित्र काढत, मिशांसकट. एका परदेशी बाईंनी तसलं एक चित्र मागून घेतलं आणि जाताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्या दिवशी मी डबा न खाताच परत नेला.

घरीही सुटका नव्हती. अण्णांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला आलेले. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेल काढून बोललेलं. एकदा जेवायला आले आणि बायकोला म्हणाले, "अक्का, आमटी बहुत बरवी झाली." ते गेल्यावर बायको म्हणाली, "ऐकत राहावंसं वाटतं हो. तुमचं मराठी म्हणजे नुसता अर्ज."

मग परदेशातल्या एका प्रशिक्षणाचं पत्र आलं. जागा एकच. साहेबांनी अण्णांचं नाव लिहिलं आणि खाली, राखीव म्हणून, माझं. अण्णांनी पासपोर्ट काढला, गल्लीतल्या शिंप्याकडे राखाडी कोट शिवायला टाकला. "तीस वर्षं जहाजांवर चढतों रे तंबी," ते म्हणाले, "एकही जहाज मज घेऊन हललं नाही. आतां विमान तरी हलेल."

कोटाच्या मापासाठी ते रजेवर होते, त्या दिवशी मी एकटाच गेलो. सकाळी धक्क्यावर बंदराच्या पाण्याचा नमुना घेतला. दुपारी त्याच जाळीनं एका जहाजाचा घ्यायचा होता. अण्णांनी आदल्या दिवशी भरून ठेवलेला कूजा जीपमध्येच होता. पण अण्णांचा कूजा हातात घेऊन शिडी चढायची मला लाज वाटली, त्यांचा हरकाम्या दिसलो असतो. मी जाळी धक्क्यावरूनच बंदराच्या पाण्यात सोडली, दोनदा खळबळली आणि वर गेलो.

नमुन्यात किनाऱ्याजवळच्या शिंपल्यांच्या अळ्या वळवळत होत्या. फॉर्मवर मात्र लिहिलं होतं, पाणी भर समुद्रात बदललं. मला आनंदाचं भरतं आलं. खोटं बोलणारं पहिलं जहाज मी पकडलं होतं! अण्णांना बाटली दाखवायला हवी होती. दाखवली नाही. दाखवली असती तर पकडणारे तेच ठरले असते. साहेबांच्या सहीनं जहाजाच्या एजंटाला पत्र गेलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कॅप्टननं लॉगबुकाची पानं जोडली होती. पंप कधी चालू झाले, कधी बंद, जहाज तेव्हा कुठे होतं, सगळं. सोबत तक्रार. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि बाटली अण्णांपुढे ठेवली.

अण्णांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन डोळा लावला. मिनिटभरात म्हणाले, "हे परके नव्हत, सर. हे आपलेच. बंदरांतले." मग हळूच, "जाळी धुतलेली नव्हती."

"कोणी धुतली होती?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

मी अजून कायम झालो नव्हतो. मुलगी दोन वर्षांची होती. पण ही कारणं मागाहून सुचलेली. त्या क्षणी डोळ्यांपुढे होता तो राखाडी कोट.

"अण्णांनी धुऊन ठेवली होती," मी म्हणालो. "मी तशीच नेली." सकाळच्या बंदराच्या नमुन्याचं मी नाव काढलं नाही.

अण्णांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नवा जीव दिसला की ते जसं बघत, तसं.

"राहिली असेल, सर," ते म्हणाले. "माझ्याकडूनच राहिली असेल."

प्रशिक्षणाला मी गेलो. तिथे प्रत्येकाला जाळी धुऊन दाखवायची होती. मी सात वेळा धुतली, शेवटी वास घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणाऱ्यानं विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "आमच्याकडे असंच करतात."

वर्षभरानं, ऐन मे महिन्यात, अण्णा निवृत्त झाले. तो राखाडी कोट घालून आले. घामानं कॉलर काळी झाली होती. कुणी तरी म्हणालं, "या उकाड्यात कोट, अण्णा?" ते म्हणाले, "शिवला आहे. कुठें तरी घालायला नको?" भाषणं झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि जाळी व कूजा माझ्यापुढे ठेवला. "धुऊन ठेविली आहे, तंबी," म्हणाले. "वास घेऊन पाहा."

मी वास घेतला. तोंड उघडलं. तेवढ्यात फोटोसाठी हाक आली आणि ते गेले.

दोन वर्षं धीर गोळा करून मी कूजा पिशवीत घालून मैलापूरला त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. अण्णा जाऊन आठ महिने झाले होते. ऑफिसात कळवायला त्यांनीच नको म्हटलं होतं. बाईंनी कॉफी दिली, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "जाळी धुणारा तंबी तो तूंच काय? ते सांगत होते, माझ्यामागें तोच एक नीट धुतो."

मी कूजा पुढे केला. "असूं दे तुजकडेच," त्या म्हणाल्या. "येथें आतां कोण जाळी धुणार?"

त्यांनाही मी खरं सांगितलं नाही. कॉफी संपवली, कूजा पिशवीत घातला आणि बस पकडली. आज तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही त्यांना ओळखत नाही, मला ओळखत नाही, आणि सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

अण्णा, जाळी मी धुतली नव्हती.