सिस्टरांचा डावा हात

गाडीची किल्ली फिरवण्याआधी सिस्टर बॉनेटवर हाताची मागची बाजू टेकवायच्या. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवतात तशी. मग विचारायच्या, "काय म्हणतेस बाई, बरी आहेस ना?" गाडी अर्थातच काही बोलायची नाही. "गप्प आहे म्हणजे बरी आहे," असं म्हणून त्या आत बसायच्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला ताप कुठून येणार, असं मी एकदा विचारलं होतं. वॉर्डात भलत्या वेळी घुसलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा मी तो प्रश्न काढला नाही.

दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. सगळी नोकरी इस्पितळात गेलेली, शेवटी शेवटी तर अख्खा वॉर्ड त्यांच्या धाकात असायचा म्हणे. निवृत्त झाल्या आणि तो धाक घेऊन आमच्या इमारतीत राहिल्या. कुणाचं बीपी बघायचं, कुणाच्या मुलाचं खरचटलेलं ढोपर धुवायचं, कुणाच्या सासूला औषध घेतलंस का म्हणून जिन्यातूनच दरडावायचं, हे सगळं त्या न बोलावता करायच्या. तुमच्याही इमारतीत असं एक माणूस असेल. नसेल तर तुमची इमारत नवी असणार.

गाडी त्यांची होती तशी जुनीच. निळी, छोटी, हाताने काच खाली करायची आणि हातानेच जोर लावून वळवायची. पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नाही. मुलुंडला राहणारा त्यांचा मुलगा दर दिवाळीला ती विकायचा विषय काढायचा आणि दर दिवाळीला एक चकली जास्त खाऊन गप्प बसायचा. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. मुंबईत रिक्षा असताना माणसं गाडी का चालवतात, हे मला कधी उमगलेलं नाही.

पण त्या गाडीचा सगळ्यात मोठा लाभार्थी मीच होतो. माझी आई खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर व्यायामाला जायची, तिला नेण्या-आणण्याचं काम सिस्टरांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं. मी पुढे त्यांच्या बाजूला, आई मागे वॉकर मांडीवर आडवा घेऊन. वाटेत त्या दोघी एकमेकींच्या भाज्यांना नावं ठेवायच्या. असं वर्षभर छान चाललं होतं.

मग एके दिवशी सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "आईला उद्यापासून रिक्षाने ने." एवढंच बोलल्या आणि खाली गेल्या. आईला ते फार लागलं. आपण मागच्या खेपेला त्यांच्या आमटीला पाणचट म्हटलं त्याचा हा राग, अशी तिने समजूत करून घेतली. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

शेवटी मी विचारायला गेलो. गाडी जड झालीय, म्हणाल्या. वळवताना पुढून डंग करून आवाज येतो. वळण संपलं की स्टिअरिंग आपलं आपण सरळ व्हायला हवं, ते होत नाही, ओढून आणावं लागतं. आणि गाडी सारखी डावीकडे ओढते. मरोळचा त्यांचा नेहमीचा मेकॅनिक स्वतः येऊन घेऊन गेला होता. त्याने चाकं सरळ करून दिली, हवा बघितली आणि सांगितलं की मशीनवर सगळं ठीक दिसतंय, जुनी गाडी आहे, जडच असणार. मुलगा येऊन चालवून गेला. त्याला पॉवर स्टिअरिंगची सवय. तो म्हणाला, आई, हा तर ट्रक आहे. पण त्याला ती गाडी दहा वर्षांपूर्वीही ट्रकच वाटली असती.

म्हणजे गाडी खरंच जड झालीय की नाही, हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. हे मला कळलं ते असं. एका सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर पार्किंगमध्ये सिस्टर डोळे मिटून उभ्या. दोन्ही हात समोर सरळ धरलेले, तळवे वर. मला वाटलं योगासन असेल. डोळे उघडून त्यांनी आधी डाव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खाली आला का रे हा?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. खरंच आला नव्हता. पण त्यांना पटलं नाही. मग गाडीला टेकून त्यांनी सगळं सांगितलं. लकवा असला तर डोळे मिटल्यावर त्या बाजूचा हात आपोआप खाली येतो. त्यांच्या थोरल्या बहिणीला लकवा झाला होता, आणि त्याची सुरुवात डाव्या हातापासून झाली होती. चहाचा कप तिरका व्हायचा. घरात सगळे कपाला नावं ठेवत बसले. "आता माझं तेच. डावा हात लोंबतो, त्याच्या वजनाने गाडी डावीकडे जाते. मेकॅनिक बिचारा काय करणार?"

डॉक्टरांना दाखवलं का, असं मी विचारलं. दाखवलं होतं. डोक्याचा फोटोही काढून झाला होता. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका.

"मग झालं की."

"काळजी करू नका, हे वाक्य मी जन्मभर पेशंटना सांगितलंय," सिस्टर म्हणाल्या. "कधी आणि कशासाठी सांगतात, ते मला विचार."

खोटा दिलासा इतकी वर्षं मापून वाटल्यावर त्यांच्या वाट्याला खरा आला, तेव्हा तो त्यांना ओळखू येईना. रोज सकाळी त्या एकट्याच गाडी बाहेर काढायच्या, स्वतःची परीक्षा घ्यायला. आमच्या गेटासमोर दुभाजक आहे, त्यामुळे बाहेर पडलं की डावीकडेच वळावं लागतं. पुढे कुठे उजवीकडे वळायचं तर समोरची वाहनं अडणार, आणि जड गाडी मध्येच अडकली तर काय घ्या. म्हणून त्या डावी, पुन्हा डावी, पुन्हा डावी अशी वसाहतीच्या पटांगणाला प्रदक्षिणा घालून परत यायच्या. प्रत्येक खेपेला गाडी डावीकडे ओढायची. मी गॅलरीतून बघायचो. उतरताना त्या गाडीकडे बघायच्याही नाहीत, डावा हात चोळत जिना चढायच्या. बॉनेटवर हात ठेवणंही बंद झालं होतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात पाण्याच्या पाइपसाठी गेटासमोरचा रस्ता खोदला. रिक्षा आत येईनात. आई तयार होऊन खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, आणि मी नाक्यापर्यंत दोनदा जाऊन हात हलवत परत आलो होतो. आईचा पाय दुखायला लागला. तेवढ्यात सिस्टर खाली आल्या, हातात किल्ली. माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "बसा मागे. हळू नेते. काही झालं तर हा हँडब्रेक ओढेल." हँडब्रेक कुठला, हे मला तेव्हा दाखवण्यात आलं.

वॉचमनने मागचं गेट उघडलं. ते गेट एरवी गणपतीलाच उघडतं. त्याच्या डाव्या हाताला डोंगराची भिंत, त्यामुळे तिथून फक्त उजवीकडे जाता येतं. सिस्टरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून उजवीकडे वळवलं, पुढून डंग झालं, गाडी गल्लीला लागली. आणि लगेच उजवीकडे जाऊ लागली.

त्यांनी ती सरळ केली. ती पुन्हा उजवीकडे. त्यांनी ब्रेक मारला.

पुढे डावं वळण होतं. ते घेतलं, तर गाडी डावीकडे ओढू लागली. त्यापुढे शाळेच्या मागचा रिकामा रस्ता आहे, तिथे त्यांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवून बघितलं. शेवटचं वळण जिकडे, तिकडे गाडीचा ओढा. आई मागून म्हणाली, "अहो, रस्ता चुकलात का?"

सिस्टर गाडी बाजूला घेऊन थांबल्या. फार राग आला किंवा फार आनंद झाला की त्यांच्या तोंडी मालवणी यायची. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मेल्या, लकवा काय गेट बघून बाजू बदलता?"

मग त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडल्या. वॉर्ड गाजवलेली बाई, लहान मुलीसारखी रडली. मला इतकं हलकं वाटलं की माझेही डोळे भरून आले. आई मागून त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. काय झालंय हे तिला ठाऊक नव्हतं. "आमटी चांगली होती हो तुमची," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मरोळला मीही गेलो, कारण हा आनंद मला एकट्याने घरी बसून पेलवेना. दोन्हीकडे ओढते म्हटल्यावर मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, हे आधी बोलायला पाहिजे होतं. मलाच काल समजलं, सिस्टर म्हणाल्या. त्याने मला आत बसवून स्टिअरिंग फिरवायला सांगितलं आणि स्वतः पुढच्या चाकाच्या वरच्या स्प्रिंगला हात लावला. मग सिस्टरांनी त्याला बाजूला सारून आपला हात तिथे ठेवला. डावाच.

"फिरव," त्या म्हणाल्या. मी फिरवलं. "हं. अडते. अडते. सुटली बघ."

स्प्रिंगच्या माथ्यावर एक बेअरिंग असतं, ते सुकून घट्ट बसलं होतं. त्यामुळे वळताना स्प्रिंग सहज फिरण्याऐवजी पीळ खात होती, सुटली की डंग वाजत होतं, आणि उरलेला पीळ गाडीला त्याच बाजूला ओढत होता. नवं बेअरिंग बसलं, आणि संध्याकाळी त्या एकट्या गाडी चालवत घरी आल्या. मला त्यांनी रिक्षाने पाठवलं. "आज आम्हा दोघींना बोलायचंय," म्हणाल्या.

पुढे आई वॉकरशिवाय चालू लागली. या उन्हाळ्यात सिस्टर गावी गेल्या, कुडाळजवळ, कायमच्या. भावाचं घर बंद पडून होतं. गाडी ट्रकवर चढवून पाठवू, असं मुलगा म्हणत होता. त्या ऐकतात कुठल्या! मुलाला बाजूला बसवलं आणि स्वतः चालवत नेली. त्यांच्या जागी आता कुणाची तरी मोठी पांढरी गाडी उभी असते. तिच्या बॉनेटला हात लावला तर ती बोंबलते.

निघाल्या त्या दिवशी आई आणि मी गेटापाशी उभे होतो. त्यांनी बॉनेटवर हात टेकवला, विचारायचं ते विचारलं आणि आत बसल्या. गाडी गेटातून हळूच डावीकडे वळली. वळण पुरं झालं तसे त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि आम्हाला दिसतील असे वर धरले. स्टिअरिंग आपलं आपण फिरत सरळ झालं, आणि गाडी सरळ गेली.

"त्यांना म्हणावं आधी ते धरा," आई म्हणाली. मी मात्र हातांकडे बघत होतो. दोन्ही अगदी एका पातळीत होते.