उष्टी नळी

नाशिकहून निघताना आमच्या सामानात उकळून गार केलेल्या पाण्याच्या अकरा बाटल्या होत्या. समुद्र बघायला निघालेल्या माणसांनी एवढं पाणी कशाला न्यायचं, असं तुमच्या आजोबांनी विचारलं. मी पिशवी त्यांच्याच खांद्याला अडकवली.

इरा, ओम, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. खरं म्हणजे इरासाठी. मागच्या सुट्टीत अंगणात तू अर्धा खाल्लेला पेरू माझ्यापुढे धरलास. मी म्हटलं, "उष्टं नको गं." तू तो पेरू ओट्यावर ठेवलास आणि पुन्हा हात लावला नाहीस. मग तुमच्या घरी परत गेल्यावर फोनवर सांगितलंस की तुम्ही समुद्रात डोकं घालून प्रवाळ बघून आलात, "पण आजी, तुला नाही जमणार. तुला सगळं उकळूनच लागतं." त्याच आठवड्यात मी मालवणच्या गाड्यांची चौकशी केली.

कोल्हापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट उतरलो. वळणांवर आजोबांना मळमळलं आणि तीन बाटल्या कामी आल्या. मालवणात ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींना मी आधीच सांगितलं, की आम्ही मासे खात नाही. त्यांनी हातातली सोलकढी (आमसुलाचं आणि नारळाच्या दुधाचं सार) खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मासे खाऊचे नाय, नुसते बघूक इतक्या लांबसून इलात?"

सकाळी होडीने किल्ल्याच्या बाजूला गेलो. नाववाले रघुनाथ पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता, तुमच्या आईचा. त्यावर फुगीर नारिंगी जाकीट बांधलं. आजोबा म्हणाले, छान दिसतेस. पण ते तेव्हा किल्ल्याकडे बघत होते.

मग रघुनाथांनी चष्मा दिला आणि एक पिवळी नळी. तिचं रबरी टोक दातांत धरून श्वास घ्यायचा. त्या रबरावर दातांचे वण होते. लहान, मोठे, एक तर अगदी ठसठशीत.

मी म्हटलं, ही उष्टी आहे. त्यांनी ती समुद्रात बुचकळून परत दिली. मी उकळलेल्या पाण्याची अख्खी बाटली तिच्यावर ओतली, मग दुसरी. वण काही जाईनात. नळी मांडीवर घेऊन मी बसून राहिले. परत फिरू या, एवढंच तोंडातून यायचं बाकी होतं.

"काकी," रघुनाथ म्हणाले, "मी नाशकाक येवन गेलंय. थंय कुंडात लोक चूळ भरतत आणि तुमी त्याच पाण्यात बुडी मारतास. ता चलता?"

कोल्हापूर सोडल्यापासून आजोबा पहिल्यांदाच हसले. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला यावर एका भाषेत तरी उत्तर सुचायला हवं होतं. मी नळी तोंडात घातली.

चव रबराची होती, मिठाची होती. बाकी कुणाची नव्हती.

खाली फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे प्रवाळ होते आणि त्यांच्यामधून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे हिंडत होते. एका माशाच्या तोंडातला तुकडा दुसऱ्याने ओढून नेला, त्याच्याकडून तिसऱ्याने. कुणी कुणाला टोकलं नाही. मी पाहिलं, आणि मला ओट्यावरचा तो पेरू आठवला. चष्म्यात पाणी शिरलं होतं, असं मी वर आल्यावर सांगितलं.

पुरावा म्हणून आजोबांनी काढलेला फोटो सोबत पाठवते आहे. त्यात खूपसा समुद्र आहे आणि मधोमध नळीचं पिवळं टोक. त्याच्याखाली मी आहे, यावर विश्वास ठेवा.

परतताना चार बाटल्या तशाच शिल्लक होत्या. त्या घरी येऊन अंगणातल्या पेरूच्या झाडाला घातल्या. झाडाला यंदा बहर चांगला आहे. इरा, तू येशील तेव्हा पहिला पेरू तूच तोड आणि अर्धा खा. धुतला नाहीस तरी चालेल.